दुर्बिणीतला फुगेवाला

(पडद्यावर: रणगाड्याला टेकवलेली लोखंडी शिडी. तिच्यावरून बुटांचे छोटे छोटे जोड एकामागून एक वर जाताना दिसतात.)

ही रांग रणगाड्यावर चढायची आहे. वर एक जवान उभा आहे. येणाऱ्या प्रत्येक पोराला तो काखेत हात घालून उचलतो आणि रणगाड्याच्या पाठीवर बसवतो. खालून आईबाबा फोटो काढतात. मग त्या पोराला उतरवून तो पुढच्याकडे वळतो. सकाळपासून त्याचं हेच चाललंय, तरी कंटाळलेला दिसत नाही. कदाचित त्याच्याही घरी एवढंच एखादं पोर असेल.

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या रेसकोर्सवर 'नो युवर आर्मी', म्हणजे 'आपलं लष्कर जाणून घ्या', हा मेळा भरला. ३ ते ५ जानेवारी असे तीन दिवस. पाठोपाठ १५ तारखेला खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर, लष्कर दिनाचं संचलन होणार होतं. १९४९ साली याच तारखेला करिअप्पांनी पहिले भारतीय सरसेनापती म्हणून लष्कराची सूत्रं हाती घेतली. हे संचलन वर्षानुवर्षं दिल्लीत व्हायचं. २०२३पासून ते बाहेर नेलं गेलं. आधी बेंगळुरू, मग लखनौ, मग पुणे. लष्कर लोकांपर्यंत पोचावं हा त्यामागचा हेतू सांगितला गेला आणि तो चांगलाच आहे. छावणीच्या भिंतीआड काय चालतं ते त्याच गावात जन्म गेलेल्या पुणेकरालाही फारसं ठाऊक नसतं.

रणगाडे, तोफा, रडार, बँड, श्वानपथक. मुलांना सगळ्यात जास्त काय आवडतं हे विचाराल, तर कुत्री. त्यांच्यापुढून पोरं हलत नाहीत.

(पडद्यावर: टेबलावर ओळीनं मांडलेल्या रायफली. एकीवर दुर्बीण बसवलेली.)

आता एक घरची गोष्ट सांगते. ती पुण्याची नाही, दुसऱ्या एका शहरातल्या अशाच प्रदर्शनातली आहे. माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. शस्त्रांच्या टेबलापाशी जवानानं त्याला स्टुलावर उभं केलं. रायफल रिकामी होती, स्टँडवर घट्ट बसवलेली होती, धोका कसलाच नव्हता. जवानानं प्रेमानं त्याचा गाल रायफलीला टेकवला, एक डोळा मिटायला शिकवलं, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. भाचा बराच वेळ बघत राहिला. मग खूश होऊन ओरडला, "मावशी, तो फुगेवाला बघ किती जवळ आलाय!"

रायफलीचं तोंड मैदानाच्या फाटकाकडे होतं. फाटकाजवळ एक माणूस फुगे विकत उभा होता.

भाच्याची काही चूक नव्हती. खरं तर जवानाचीही नव्हती. त्याला टेबलावर बसवलं होतं, मुलं आली की दाखवायचं असं सांगितलं होतं, आणि त्यानं ते आपुलकीनं केलं. पण त्या दिवसापासून मी एका प्रश्नाशी अडले आहे. सहा वर्षांच्या मुलाला आपण त्या दुर्बिणीतून नक्की काय दाखवलं? पलीकडचा माणूस जवळ दिसतो, इतकंच त्याला कळलं. ती दुर्बीण तिथे कशासाठी बसवलेली असते, हे त्याला कोणीच सांगितलं नाही. सांगता आलंही नसतं. मीही सांगितलं नाही.

(पडद्यावर: अंगणातला मातीचा किल्ला. अळीव उगवलेला. बुरुजावर मावळे, पायथ्याशी तोफ.)

यावर लगेच कोणी म्हणेल, आपली पोरं लढाई खेळतच वाढतात की. दिवाळी आली की गल्लीगल्लीत किल्ले उभे राहतात. बुरुजावर मावळे, दरवाजात पहारेकरी, वर सिंहासनावर महाराज. मीही केलेत. पण किल्ला पोरांचा असतो. माती त्यांनी आणलेली, गड कुठला करायचा ते त्यांनी ठरवलेलं, आणि भाऊबीज झाली की मावळे खोक्यात जातात. प्रदर्शनातली रायफल खेळण्यातली नसते. ती ज्या संस्थेची असते, तिला पुढे माणसं हवी असतात. हे म्हणण्यात लष्कराचा अपमान नाही. सैन्याला भरती लागतेच. फक्त भरतीची हाक कितव्या वर्षी कानावर घालायची, हे मोठ्यांनी शांतपणे ठरवायला हवं.

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ही हाक मुलाला जन्मापासून ऐकू येते, तिथे मेळ्याची गरज नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावामागेही सैनिक हा शब्द लागला, तो असाच. अशा गावातल्या मुलाला फौजी म्हणजे काय ते कळतं. तो आजोबांच्या ट्रंकेत पदक बघतो, आणि शेजारच्या घरी दुपारी अचानक माणसं का जमली तेही बघतो. सुट्टीवर आलेला बाप अंगणात हसतो आणि रात्री झोपेत ओरडतो, हे त्याच्या कानांनी ऐकलेलं असतं. म्हणजे त्याच्यापुढे सगळी गोष्ट असते. मेळ्याला आलेल्या शहरातल्या मुलापुढे तिचा चकचकीत तुकडाच येतो.

(पडद्यावर: जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. प्रार्थनेच्या रांगा.)

जून २०२५च्या सुरुवातीला शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं, की महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचं लष्करी प्रशिक्षण देण्यात येईल. देशप्रेम, शिस्त, व्यायामाची सवय हे उद्देश सांगितले. क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काउट-गाइड यांच्याबरोबर अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेण्याची योजना मांडली. महिनाभरापूर्वीच, ७ मे रोजी, ऑपरेशन सिंदूर झालं होतं. देशभर नागरी संरक्षणाच्या तालमी झाल्या होत्या, भोंगे वाजले होते. त्या हवेत ही घोषणा आली.

पहिलीतलं मूल सहा वर्षांचं असतं. दप्तर उचलताना वाकतं. डबा अर्धा परत आणतं. सावधान-विश्राम त्याला आधीपासून येतं, कारण कवायत आणि लेझीम आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या आहेच. मग नवीन काय शिकवायचं? शिस्त आणि व्यायामच द्यायचा असेल, तर त्याला लष्करी हे नाव कशाला हवं? पटांगण द्या, खेळाचा तास रोज घ्या, क्रीडाशिक्षक नेमा. क्रीडाशिक्षक नसलेल्या कितीतरी शाळा खेड्यापाड्यांत आहेत. तिथे माजी सैनिक आला तर मी स्वागतच करीन. त्याच्याइतका वेळेवर येणारा, अंग मोडून काम करणारा माणूस शाळेला मिळणं भाग्याचं. त्यानं पोहायला शिकवावं, जखमेवर पट्टी बांधायला शिकवावं, पुराचं पाणी वाढू लागलं तर काय करायचं ते शिकवावं.

पुराचं म्हटलं म्हणून आठवलं. ऑगस्ट २०१९. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं होतं. लष्कर, नौदल, एनडीआरएफच्या बोटी गल्ल्यांतून फिरत होत्या. गच्चीवरून बोटीत उतरवलेली पोरं अनोळखी जवानाच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. त्याच आठवड्यात राखीपौर्णिमा आली. कितीतरी बायकांनी त्या जवानांना राख्या बांधल्या. लष्कर आणि लहान मूल यांची याहून चांगली भेट मी पाहिलेली नाही, आणि तिच्यात एकही बंदूक नव्हती.

(पडद्यावर: वहीतलं रेखाटलेलं चित्र. तिरंगा, डोंगर, हातात बंदूक घेतलेला शिपाई.)

मुलांपर्यंत पोचण्याचा सरकारचा आणखी एक मोठा उपक्रम म्हणजे वीरगाथा. संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयानं तो २०२१ साली सुरू केला. शौर्यपदक विजेत्यांवर मुलांनी निबंध, कविता, चित्रं करायची. पहिल्या वर्षी सुमारे आठ लाख मुलं होती. चौथ्या वेळी, २०२४-२५मध्ये, हा आकडा १ कोटी ७६ लाखांवर गेला. सुरुवात तिसरीपासून होते. मला यात वावगं वाटत नाही. मुलानं परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांच्याबद्दल वाचावं, लिहावं. पण शौर्यपदकाच्या यादीत मरणोत्तर हा शब्द वारंवार येतो. तिसरीतल्या मुलाला त्याचा अर्थ विचारला, तर बाईंनी उत्तर द्यायला थांबावं. घाईनं पुढच्या ओळीवर जाऊ नये.

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा. सशस्त्र संघर्षात मुलांना ओढू नये यासाठीचा त्याचा जोडकरार २००० साली आला, आणि भारतानं तो २००५ साली मान्य केला. तेव्हा भारतानं लिहून दिलं, की आमच्याकडे भरतीचं किमान वय साडेसोळा वर्षं आहे आणि प्रशिक्षण झालेल्या जवानाला अठरा पूर्ण झाल्यावरच मोहिमेच्या भागात पाठवलं जातं. अग्निपथ योजनेत वयाची सुरुवात साडेसतरापासून आहे. थोडक्यात, आघाडीवर कोणाला पाठवायचं याची रेघ ओढलेली आहे. पण मेळ्यातल्या टेबलापाशी स्टुलावर कोणाला उभं करायचं, त्याबद्दल करार गप्प आहे. जर्मनीत २०१६ साली सैन्याच्या खुल्या दिवशी लहान मुलांच्या हातात बंदुका दिसल्या, छायाचित्रं बाहेर आली आणि मोठा गदारोळ झाला. ज्या देशानं हिटलरच्या राजवटीत वर्दीतल्या मुलांचा काळ पाहिलाय, त्याला ते झोंबणारच.

(पडद्यावर: कुस्तीचा आखाडा, भल्या पहाटे. मुलं दंड काढताहेत.)

आता माझ्याच म्हणण्याला अडवणारी एक गोष्ट. लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. आठ ते चौदा वर्षांच्या आसपासची होतकरू मुलं चाचणी घेऊन निवडतात. राहणं, खाणं, शाळा आणि प्रशिक्षण सगळं लष्कर बघतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कुस्तीची मुलं घडतात. मिझोरमचा जेरेमी लालरिननुंगा याच वाटेनं लहानपणी पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि २०१८च्या युवा ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचं सुवर्ण घेऊन गेला. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. ज्या घरात दूध आणि बदाम परवडत नाहीत, तिथल्या मुलासाठी हे दार केवढं मोठं आहे ते मला कळतं. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. माझं दुखणं एवढंच, की त्या मुलाला दुसरंही एखादं दार उघडं असावं. आठव्या वर्षी घर सोडताना एकच रस्ता पुढे असेल, तर तो त्यानं निवडला असं कसं म्हणायचं?

(पडद्यावर: जलतरण तलाव. पाणी स्थिर.)

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूर भागातले. जन्म १९४४चा. पोरवयातच लष्कराच्या बॉईज बटालियनमध्ये दाखल झाले. पुढे ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या विभागात, जवान, आणि जबरदस्त मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांचं कमरेखालचं शरीर निकामी झालं. मग ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला, पॅरालिंपिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पूर्ण केली. विश्वविक्रम, आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. शेहेचाळीस वर्षं.

ही गोष्ट मुलांना सांगायची तर अख्खी सांगावी. पदकाच्या आधीची गोळीही सांगावी, आणि पदकानंतरची ती शेहेचाळीस वर्षंही.

आणि खडकी. ज्या खडकीत संचलन झालं, तिथेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला मार लागून पाय गेलेल्या जवानांसाठी १९७४ साली सुरू झालेलं. तिथेच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना हातकाम शिकवायला १९१७ साली निघालेली संस्था. संचलनात रोबोटिक खेचरं चालली, मुलं टाळ्या वाजवून थकली. या दोन संस्थांची फाटकं मात्र मेळ्याच्या रस्त्यावर लागत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला तिथे न्यावं असं मी म्हणत नाही. ते वय त्यासाठी नाही, आणि म्हणूनच ते वय रायफलीसाठीही नाही. साधारण आठवीपासून एनसीसी असते. त्या वयाची मुलं तिथल्या एखाद्या निवृत्त जवानाशेजारी बसून तासभर गप्पा मारू शकतात. त्यांना अवघड प्रश्न सुचतात, आणि जवानांना खरी उत्तरं द्यायला आवडतं.

शाळांनी मेळ्याला सहल जरूर न्यावी. आयोजकांकडे एवढंच मागणं आहे: शस्त्रांचं टेबल दोरीच्या आत ठेवा आणि अठराच्या आतल्या कोणाच्याही हाती शस्त्र देऊ नका.

(पडद्यावर: तीच शिडी, संध्याकाळ. जवान शेवटच्या मुलीला खाली उतरवतो.)

भाचा आता आठ वर्षांचा आहे. पुढच्या वेळी कुठे मेळा भरला, की आम्ही पुन्हा जाणार आहोत. आधी श्वानपथकाकडे. मग इंजिनिअर रेजिमेंट पूल कसा टाकते ते बघायला, कारण हल्ली त्याला पुलांचं वेड लागलंय. शस्त्रांच्या टेबलाशी थांबायचं नाही, हे मी त्याला सांगून ठेवलंय आणि का तेही, त्याला झेपेल तेवढं. रणगाड्यावर चढवणाऱ्या जवानाला मात्र तो एक प्रश्न विचारणार आहे. घरून पाठ करून ठेवलाय. "काका, तुमचं गाव कुठलं?"