८८ चा आकडा आणि पोरांचे बूट

नमस्कार श्रोतेहो. आयर्लंडचं राजकारण म्हटलं की आपल्याला आठवतात लिओ वराडकर. मालवणजवळच्या वराड गावातून गेलेल्या डॉक्टरांचा हा मुलगा तिथे दोनदा पंतप्रधान झाला. पण वराडकर फिने गेलचे, म्हणजे उजवीकडे झुकलेल्या पक्षाचे. आज बोलायचं आहे समोरच्या बाजूबद्दल. तिथे डाव्यांचं सरकार येऊ शकेल का?

आधी एक आकडा लक्षात ठेवा. ८८. तिथल्या लोकसभेला डॉल म्हणतात. तिच्यात १७४ जागा, बहुमताला हवेत ८८. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत डाव्या बाजूच्या पक्षांपैकी शिन फेनला ३९ मिळाल्या, लेबरला ११, सोशल डेमोक्रॅट्सना ११, पीपल बिफोर प्रॉफिट गटाला ३ आणि ग्रीनला १. बेरीज ६५. म्हणजे ८८ ला २३ कमी. सरकार पुन्हा फिअना फॉल, हाही मध्यापासून उजवीकडचाच जुना पक्ष, आणि फिने गेल यांनीच केलं, अपक्षांना सोबत घेऊन.

आता मला सांगायचा आहे तो किस्सा. जून १९८१. फिने गेल ६५ आणि लेबर १५ असं ऐंशी जणांचं सरकार बसलं. सभागृह तेव्हा १६६ चं, म्हणजे बहुमत नव्हतंच. पंतप्रधान गॅरेट फिट्झगेराल्ड. त्यांना तारणाऱ्यांत एक अपक्ष होता, लिमरिकचा जिम केमी. हा माणूस पेशाने पाथरवट. हातात छिन्नी-हातोडा घेऊन दगड घडवलेला, कामगार संघटनेत मुरलेला, पक्का समाजवादी. सरकार स्थापन होताना त्याने फिट्झगेराल्डना मत दिलं होतं.

मग आली २७ जानेवारी १९८२ ची संध्याकाळ. अर्थमंत्री जॉन ब्रुटन अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. तिजोरीत खडखडाट होता, कर वाढवणं भाग होतं. ब्रुटननी कपड्यांवर आणि पादत्राणांवर व्हॅट लावला. लहान मुलांचे बूटसुद्धा सुटले नाहीत! निदान मुलांचे बूट तरी वगळा, असं लोक म्हणत होते. त्यावरचं उत्तर आजही तिथे सांगितलं जातं: मुलांच्या बुटांना सूट दिली, तर लहान पावलांच्या बायका तेच बूट घेऊन कर चुकवतील.

घरात दोन-तीन पोरं असली की शाळेच्या बुटांचा खर्च काय होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाय वाढतो, बूट वाढत नाही. लिमरिकच्या कामगार वस्तीतही तसंच होतं, आणि केमी त्याच वस्तीचा. फिट्झगेराल्डनी त्याला खूप विनवलं. केमी बधला नाही. मतदान झालं. सरकारच्या बाजूने ८१, विरोधात ८२. एका मताने सरकार गेलं. पुन्हा सांगतो, ८१ विरुद्ध ८२.

त्या वर्षी आयर्लंडमध्ये दोनदा निवडणूक झाली. दुसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, केमी स्वतःही पडला. १९८७ मध्ये मात्र लिमरिकने त्याला परत निवडून दिलं. आणि मुलांच्या बुटांवर आजही तिथे व्हॅट शून्य आहे. मला हा माणूस फार आवडतो.

किस्सा सांगितला तो अशासाठी, की डाव्यांची मोट बांधताना नुसती डोकी मोजून चालत नाही. कराचं काय, घरांचं काय, हे आधीच ठरलेलं हवं. आज तिथे घरांचा प्रश्न भयंकर आहे. डब्लिनला नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना विचारा, पगारातलं किती भाड्यात जातं.

धाकटा भागीदार होऊन सत्तेत जाण्याची किंमतही डाव्यांनी मोजली आहे. लेबरने २०११ मध्ये ३७ जागा जिंकल्या आणि फिने गेलबरोबर सरकार केलं. २०१६ मध्ये उरल्या ७. ग्रीन २०२० मध्ये १२, सरकारात राहून २०२४ मध्ये १. म्हणून मला वाटतं, यांनी मोठ्या घरात पोटभाडेकरू होणं आता सोडावं.

आशा कुठे आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये. राष्ट्रपतिपदासाठी शिन फेन, लेबर, सोशल डेमोक्रॅट्स, ग्रीन, सगळे अपक्ष कॅथरीन कॉनोली यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांना ६३ टक्के मतं पडली. त्या पदाला सत्ता फारशी नाही, हे खरं. पण सगळे एकत्र येऊ शकतात, हे दिसलं.

आणि तिथे मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतो: एक, दोन, तीन. एकाची जादा मतं दुसऱ्याकडे वळतात. मोजणी हाताने, कधीकधी दिवसेंदिवस चालते. मतदान यंत्रांवर आयर्लंडने पाच कोटींहून जास्त युरो घातले आणि शेवटी ती भंगारात काढली. मला विचाराल तर बरं केलं. कागदाची चिठ्ठी शेजारी उभं राहून पाहता येते.

पुढची निवडणूक उशिरात उशिरा २०३० च्या सुरुवातीला. त्याआधी शिन फेनचे नेते आपल्या मतदारांना उघडपणे सांगतात का, की दुसरी पसंती लेबरला द्या, तिसरी सोशल डेमोक्रॅट्सना, आणि तेही उलट तसंच सांगतात का, एवढं मी पाहणार आहे. ६५ ते ८८ मधलं अंतर २३ चं आहे. नमस्कार.