आधी तुम्ही निवडा!

नमस्कार मंडळी. आज फाशांबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर जुगाराबद्दलच, पण घरात पोरं ऐकत बसली असतील तर बसू द्या, काही बिघडत नाही, उलट त्यांनी हे ऐकलेलं बरं.

चार फासे आहेत असं धरा. लाल, निळा, हिरवा आणि पिवळा. आपल्या लुडोच्या फाशासारखेच सहा बाजूंचे, फक्त आकडे वेगळे. कागद-पेन हाताशी असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका, मी दोनदा सांगतो. लालवर चार बाजूंना 4 आणि दोन बाजूंना 0. निळ्यावर सगळीकडे 3, सहाच्या सहा बाजूंना 3. हिरव्यावर दोन बाजूंना 6 आणि चार बाजूंना 2. पिवळ्यावर तीन बाजूंना 5, तीन बाजूंना 1. परत एकदा, लाल म्हणजे चार-चोक आणि दोन शून्यं, निळा म्हणजे नुसते तीन, हिरवा म्हणजे दोन सहा आणि चार दोन, पिवळा म्हणजे तीन पाच आणि तीन एक. झालं.

खेळ एकदम सोपा. एक फासा तुम्ही उचला, एक मी उचलतो, दोघांनी टाकायचा, ज्याचं दान मोठं त्याला समोरच्यानं दहा रुपये द्यायचे.

लाल आणि निळा टाकून बघू. निळ्यावर कायम 3 पडणार. लालवर 4 पडला की लाल जिंकला, आणि 4 सहापैकी चार बाजूंना आहे, म्हणजे तीनपैकी दोनदा लाल जिंकणार. आता निळा आणि हिरवा. हिरव्यावर 6 पडला तर निळा गेला, पण 2 पडला तर निळा जिंकला, आणि 2 चार बाजूंना आहे, म्हणजे निळा तीनपैकी दोनदा. हिरवा आणि पिवळा, याचं गणित जरा लांब जातं पण उत्तर तेच, हिरवा तीनपैकी दोनदा. म्हणजे लाल निळ्याला हरवतो, निळा हिरव्याला हरवतो, हिरवा पिवळ्याला हरवतो. मग लाल सगळ्यांचा दादा आणि पिवळा बिचारा लिंबूटिंबू, असंच वाटणार ना कुणालाही?

टाका मग लाल आणि पिवळा समोरासमोर. पिवळा जिंकतो. तीनपैकी दोनदा पिवळा जिंकतो! बघा, पिवळ्यावर निम्म्या वेळा 5 पडतो, तेव्हा लालचं काहीच चालत नाही, आणि उरलेल्या निम्म्या वेळा 1 पडतो तेव्हासुद्धा लालवर 0 पडला तर पिवळाच पुढे. सहा डाव धरले तर तीन डाव 5 मुळे, एक डाव 0 च्या कृपेनं, झाले की चार.

म्हणजे या चारांत सगळ्यात भारी फासा असा कुठला नाहीच. दगड-कागद-कात्रीसारखं गोल फिरतं सगळं, फरक इतकाच की दगड-कागद-कात्रीत ते गोल फिरणं डोळ्यांना दिसतं आणि इथं ते आकड्यांत दडलेलं असतं. सरासरी काढायला जाल तर अजूनच फसाल, कारण सरासरी सगळ्यात जास्त हिरव्याची, 3.33, सगळ्यात कमी लालची, 2.67, आणि तरी 3 सरासरीचा निळा हिरव्याला हरवतो आणि सगळ्यात कमी सरासरीचा लाल त्या निळ्याला हरवतो. सरासरीवर माझा तसाही फार विश्वास नाही, परवा मोबाईल घ्यायचा म्हणून सगळी रेटिंगं बघत बसलो होतो, 4.3 आणि 4.4, त्यातून कुणाला काय कळतं देव जाणे.

आता महत्त्वाचं ऐका. तुम्ही कुठलाही फासा उचला, त्याला हरवणारा एक फासा टेबलावर उरलेला असतोच. म्हणून जो आधी निवडतो तो गेला. जो नंतर निवडतो तो जिंकला. नंतर निवडणारा. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे चार फासे बनवले ब्रॅडली एफ्रॉन यांनी, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ, आणि ते जगभर गाजवले मार्टिन गार्डनर यांनी, सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या त्यांच्या गणिती कोड्यांच्या सदरात, डिसेंबर 1970 मध्ये. आपल्याकडं दहावीला संभाव्यता शिकवतात, एक फासा टाकला असता सम संख्या येण्याची संभाव्यता काढा, तीन छेद सहा, मार्क घ्या आणि घरी जा. वर्गात खरा फासा कुणी आणतं का? मी तर म्हणतो हे चार फासे प्रत्येक वर्गात द्या आणि मास्तरांनी पोरांना आठवडाभर रोज हरवावं, गणित आपोआप शिकतील.

असो. मी हा विषय ज्या गोष्टीसाठी घेतला ती आता सांगतो, आणि वेळ गेला तर जाऊ द्या, बाकीचं गणित कमी करू.

गोष्टीत तीन माणसं आहेत. पहिला एडवर्ड थॉर्प. हा गणिताचा प्रोफेसर, आणि कसिनोवाल्यांच्या डोक्याला ताप. ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा खेळ असतो, त्यात कुठली पानं होऊन गेली ते लक्षात ठेवून खेळलं तर कसिनोला हरवता येतं हे त्यानं गणितानं सिद्ध केलं आणि 1962 साली त्यावर पुस्तक काढलं. त्याच्या आदल्या वर्षी तर त्यानं अजून मोठी कमाल केली होती, क्लॉड शॅनन, म्हणजे ज्याच्या सिद्धांतावर आपलं सगळं मोबाईल-इंटरनेट उभं आहे तो शॅनन, त्याच्याबरोबर मिळून त्यानं अंगावर लपवून न्यायचा छोटासा कम्प्युटर बनवला, बटण बुटात, पायाच्या अंगठ्यानं दाबायचं, आणि कानात सूर ऐकू यायचे की रूलेटची, म्हणजे फिरत्या चक्रावरच्या जुगाराची, गोळी चक्राच्या कुठल्या भागात पडेल. लास व्हेगासला जाऊन वापरलाही. कानातल्या बारीक तारा सारख्या तुटायच्या, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक.

दुसरा माणूस वॉरन बफे. हे नाव शेअर बाजारात पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, आणि न टाकणाऱ्यालाही व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या सुविचारांमुळं माहितीये, त्यातले निम्मे तो बोललाच नसेल. तर 1968 मध्ये थॉर्प आणि बफे भेटले, कॅलिफोर्नियात. तेव्हा बफे जगाला फारसा माहीत नव्हता. आता दोन पैसेवाली माणसं भेटली तर शेअरवर बोलतील ना? ही दोघं बोलली पत्त्यांतल्या ब्रिजवर आणि या आपल्या उलट्या फाशांवर! दोघांनाही त्याचं वेड. थॉर्पनं म्हणे घरी जाताना बायकोला सांगितलं की हा माणूस एक दिवस अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत होणार. आणि झालाच की तो.

आता तिसरा, बिल गेट्स. गेट्स आणि बफेची पहिली भेट 5 जुलै 1991 ची. गेट्सला जायचंच नव्हतं. आईनं बोलावलं म्हणून गेला, शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार, कामं पडलीत, असं त्याचं चाललेलं. थोडा वेळ बसून निघू म्हणून आला आणि दोघं तासन् तास बोलत बसले, तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. ब्रिज दोघंही खेळायचे, ऑनलाइनसुद्धा, बफेनं तिथं नाव घेतलं होतं टी-बोन, म्हणजे हाडासकट बीफचा तुकडा झाला तो, इतका श्रीमंत माणूस आणि नाव बघा. आपल्याकडं पत्ते कुटणं म्हणजे वाया जाणं असं अजून समजतात, आणि आता तर पोरांना धड पिसताही येत नाहीत, मेंढीकोट माहीत नाही, सगळं स्क्रीनवर. चुकतंय ते.

तर एकदा बफेनं गेट्ससमोर चार फासे ठेवले. याच जातकुळीतले, फक्त आकडे जरा जास्त गुंतागुंतीचे, 0 पासून 12 पर्यंत, म्हणजे नुसतं बघून काही अंदाज येऊ नये असे. म्हणाला, आपण एकेक फासा घेऊ, उरलेले दोन बाजूला ठेवू, आणि पैज लावू कोणाचं दान जास्त वेळा मोठं पडतंय. आणि मग अगदी दिलदारपणे, तूच आधी निवड.

थांबा इथं. मंडळी, काय झालं असतं आपलं? आपण पाहुण्यासारखं मान दिला म्हणून खूश झालो असतो, चारही फासे हातात घेऊन त्यातला मोठ्यात मोठा आकडा शोधला असता, बारा दिसला की तो उचलला असता आणि बफेनं शांतपणे त्याला हरवणारा उचलला असता. बरोबरी झाली की परत टाकायचं या नियमानं त्या फाशांत दर सतरा डावांत अकरा डाव नंतर निवडणाऱ्याचे. सतरात अकरा! पाच डावांत ते कळत नाही, वाटतं नशीबच फुटकं आहे आज, अजून एक टाकू, अजून एक.

गेट्सला खटकलं ते वेगळंच. फाशांवरचे आकडे विचित्र होतेच, पण त्याला खटकलं ते हे की हा माणूस मला आधी का निवडायला लावतोय? जो गडी पैज स्वतः मांडतो तो पहिला हक्क फुकट का सोडतो? तो म्हणाला फासे बघू जरा. घेतले, उलटसुलट करून बघितले, आकडे डोक्यात जुळवले. आणि मग फासे परत टेबलावर ठेवून बफेला म्हणाला, नाही, तूच आधी निवड.

संपलं! खेळ झालाच नाही, होणार कसा, दोघांनाही माहीत होतं की आधी हात घालेल तो मेला. मला ही गोष्ट इतकी आवडते की मी ती लग्नात, पंगतीत, एसटीत, कुठंही सांगतो, बायको आता उठूनच जाते. लोक म्हणतात गेट्सचं डोकं कम्प्युटरसारखं, पण मला विचाराल तर त्याचं डोकं गणितात नंतर चाललं, आधी चाललं ते त्या ‘आधी तू’वर. बाजारात हापूसची पेटी घेताना दुकानदार म्हणतो ना, तुम्हीच निवडा ताई, तुमच्या हातानं घ्या, तेव्हा आमची आई आधी पेटीचा तळ बघायची. तिला संभाव्यता कुणी शिकवली होती?

पैशाचं थोडं बोलतो आणि मग एक शेवटची गंमत. अमेरिकन रूलेटच्या चक्रावर 38 घरं असतात, एका आकड्यावर लावून जिंकलात तर एकाला पस्तीस मिळतात. म्हणजे शंभर लावले की लांबच्या हिशेबात सव्वापाच कसिनोकडं राहतात. फक्त सव्वापाच, आणि त्यावर लास व्हेगासचे ते महाल उभे आहेत. आपल्या लाल-निळ्या फाशांत नंतर निवडणाऱ्याला दर शंभरामागं तेहतीस सुटतात, तेहतीस! फसवा फासा नाही, वजन घातलेलं नाही, कोरा प्रामाणिक फासा, आणि तरी तेहतीस. म्हणून कुणी म्हणालं की फासे तपासून घ्या, एकदम खरे आहेत, तर फासे तपासत बसू नका, निवडायची पाळी कुणाची आहे ते बघा.

आता गंमत. समोरचा हुशार निघाला, गेट्ससारखा, आणि म्हणाला तूच आधी निवड, तर? यावर जेम्स ग्राइम नावाच्या इंग्लंडमधल्या गणितज्ञाचे फासे आहेत, त्यातले तीन सांगतो. पहिल्यावर पाच वेळा 3 आणि एकदा 6. दुसऱ्यावर तीन वेळा 2, तीन वेळा 5. तिसऱ्यावर एकदा 1 आणि पाच वेळा 4. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला, तेच चक्र, बारांत सात, बारांत सात, आणि शेवटचं छत्तीसात पंचवीस. आता प्रत्येकी एकाऐवजी तसलेच दोन-दोन फासे घ्या आणि बेरीज मोजा. सगळं चक्र उलटं फिरतं! दुसरा पहिल्याला हरवायला लागतो, तिसरा दुसऱ्याला, पहिला तिसऱ्याला. हा शेवटचा फायदा अगदी थोडका आहे हां, शंभरात बावन्नच्या आसपास, पण पहिले दोन दणदणीत आहेत, एकोणसाठ.

म्हणजे करायचं काय, तर समोरच्यानं तुम्हाला आधी निवडायला लावलं की हसत हसत निवडायचा, त्याला जुनं चक्र आठवून खुशाल त्याचा फासा उचलू द्यायचा, आणि मग म्हणायचं, एकेक काय टाकायचा, दोन-दोन टाकू की. आधी बोलायचं नाही हे, त्यानं उचलल्यावरच बोलायचं. कोरे लाकडी ठोकळे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, नाही मिळाले तर लुडोच्या फाशांवर स्टिकर लावा, आणि पैशांऐवजी चिंचोके लावा म्हणजे घरात भांडणं होणार नाहीत. येतो मग, नमस्कार.