तो तुकडा आणखी कुणी पाहिला का?

पॅथॉलॉजिस्टकडे पेशंट क्वचितच येतात, येतात त्या त्यांच्या काचपट्ट्या, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या स्लाइड्स. त्यामुळे माणसांसमोर बोलायची मला फारशी सवय नाही, सांभाळून घ्या.

मूत्राशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरचे दुसऱ्या सर्जनची वेळ घेतात आणि रिपोर्ट घेऊन जातात. तोही बहुधा पहिल्यासारखंच सांगतो. सांगणारच, दोघांनी वाचला तो एकच कागद. मूळ तुकडा पुन्हा कुणी पाहिलेलाच नसतो.

दुर्बिणीतून खरवडलेली गाठ आमच्याकडे अखंड येत नाही. बारीक बारीक तुकडे येतात, विजेच्या तारेने कापल्यामुळे कडा भाजलेले. ते मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्यांच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढतात. तुकडा तिरका बसला तर चकतीही तिरकी. आणि एवढ्यावरून ठरवायचं काय, तर कॅन्सर किती खोल गेलाय!

इथेच खरी गोम आहे. मूत्राशयाच्या भिंतीत जाड स्नायू असतो, पण त्याच्या बराच वर, अस्तराखाली, स्नायूचे काही बारीक धागेही असतात. कॅन्सर त्या धाग्यांपर्यंतच असेल तर टी1. जाड स्नायूत शिरला असेल तर टी2. टी1 मध्ये सहसा पुन्हा खरवडून बीसीजी, म्हणजे मूत्राशयात सोडायचं औषध, देतात. टी2 झाला की पिशवी, म्हणजे अख्खं मूत्राशय, काढण्याची, नाहीतर रेडिएशन आणि केमोची भाषा सुरू होते. भाजलेल्या तुकड्यात हे दोन स्नायू वेगळे ओळखताना अनुभवी डोळाही अडखळतो. मीही अडखळलोय.

रिपोर्टमधलं एक वाक्य मात्र नीट वाचा. ‘स्नायूत कॅन्सर नाही’ आणि ‘तुकड्यात स्नायूच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात दहा पॅथॉलॉजिस्टना दाखवूनही उपयोग नाही. जे आलंच नाही ते दिसणार कसं? तिथे सहसा पुन्हा खरवडावं लागतं.

कॅन्सरचा प्रकारही पाहावा लागतो. नेस्टेड नावाचा प्रकार इतका साळसूद दिसतो की तो कॅन्सर वाटतच नाही. स्मॉल सेल हा झपाट्याने पसरणारा प्रकार निघाला तर आधी केमो.

लहानशी, लो ग्रेड म्हणजे कमी आक्रमक, आणि टीए म्हणजे अस्तरापुरतीच असलेली गाठ असेल तर दुसऱ्या मतासाठी जिवाचं रान करू नका. पण टी1, हाय ग्रेड म्हणजे जास्त आक्रमक गाठ, वेगळा प्रकार, किंवा पिशवी काढायचा सल्ला असेल तर जरूर घ्या. सगळ्या स्लाइड्स, ब्लॉक आणि दुर्बिणीच्या तपासणीची नोंद मागून घ्या, रिपोर्टवरचे नंबर जुळवून पाहा आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरच्या स्लाइड्स रोज पाहणाऱ्याकडे पाठवा. पहिल्या डॉक्टरांना काय वाटेल याची चिंता नको, अवघड पट्टी आम्ही आपापसात दाखवतच असतो. फक्त या धावपळीत महिने घालवू नका. टी2 मध्ये ऑपरेशन तीन महिन्यांपलीकडे लांबलं तर नुकसान होतं.

मघाशी कुणीतरी विचारलं, दोन रिपोर्ट वेगळे आले तर? त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. एकच पट्टी, एकच कोपरा समोर असला की बरेचसे वाद तिथेच मिटतात. उरलेल्यांत खास रंग लावूनही कधीकधी काही हाती लागत नाही. अशा वेळी मी सर्जनला फोन करून सांगतो, मला इथून कळत नाहीये, तुम्ही पुन्हा आत जाऊन बघा.