'आपलाच माणूस आहे' म्हणताना

(गोव्यात वास्को इथल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघ आणि महिला मंडळ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सलाम. उपासना संपल्यावर घरी जेवण वाट बघत असताना तुम्ही थांबलात, त्याबद्दल आभार.

वीसेक वर्षांपूर्वी मी अशाच एका मंडळीत संडे स्कूल शिकवत होते. नऊ वर्षांची एक मुलगी नाताळच्या गाण्यांच्या सरावाला यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "मला नाही आवडत तिकडे." मी तिला दटावलं. देवाच्या घरी यायला आवडत नाही असं म्हणू नये, म्हटलं. तिने मान खाली घातली आणि मला पुन्हा कधीच काही सांगितलं नाही. वर्षभराने कळलं, की सराव संपला की पेटी आवरायला म्हणून तिला मागे थांबवून घेतलं जायचं. थांबवून घेणारा आम्हा सगळ्यांच्या घरात ऊठबस असलेला माणूस होता. कमिटी बसली. त्याने माफी मागावी, मुलीच्या आईवडिलांनी क्षमा करावी आणि मंडळीचं नाव बाहेर जाऊ नये, असं ठरलं. मी त्या बैठकीत होते आणि गप्प होते. ते कुटुंब गाव सोडून गेलं. तो माणूस पुढच्या नाताळात पेटीवर बसला होता.

त्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेले शब्द होते, "आपलाच माणूस आहे." तो आपला होता हे खरंच. आणि ती मुलगी? ती कोणाची होती, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

गोव्याला ही गोष्ट नवी नाही. फातोर्ड्याला अनाथ मुलांसाठी घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणासाठी अटक झाली, तोवर लोक त्याला धर्मशील, परोपकारी माणूस समजत होते. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुलं त्याच घरात राहत होती, शेजारपाजार होता, येणारेजाणारे होते. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला आणि त्याखाली बाल न्यायालय उभं राहिलं.

आता २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा. तो मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण 'हे आमचं घरचं प्रकरण' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे हे ज्याला कळलं, किंवा होण्याची भीती आहे असं ज्याला वाटलं, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. शिक्षिकेने, पाळकाने म्हणजे पास्टरने, झाडलोट करणाऱ्या मावशीनेसुद्धा. न कळवणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत. आणि अत्याचार करणारा धार्मिक संस्थेचा कर्मचारी किंवा व्यवस्थापनातला असेल, तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर धरतो. 'धार्मिक संस्था' हे शब्द कलमातच लिहिलेले आहेत. तुम्ही चांगल्या हेतूने कळवलंत आणि पुढे काही सिद्ध झालं नाही, तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. म्हणजे पुरावा गोळा करणं हे आपलं काम नाही. कमिटीने चौकशीला बसूच नये. आपण बसलो की आरोपी सावध होतो, मुलाला तेच चारदा सांगावं लागतं, आणि चौथ्या वेळी ते म्हणतं, "काही झालंच नव्हतं."

बाजूच्या कॅथलिक चर्चमध्येही हा विचार झाला आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम केला, की अत्याचाराची माहिती मिळालेल्या धर्मगुरूने आणि सिस्टरने ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. त्यात दुर्बल प्रौढांचाही समावेश आहे. पण चर्चमध्ये कळवलं म्हणजे पोलिसांना कळवून झालं, असं होत नाही, त्यांच्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही.

मूल सांगायला येतं तेव्हा काय करायचं? आधी खाली बसा, उभ्याने ऐकू नका. "खरंच?" म्हणू नका, "मग तू ओरडली का नाहीस?" असं तर मुळीच नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागेल. "तू सांगितलंस ते बरं केलंस, आता मी मदत आणते," एवढं पुरे. मग ते बोललं तसंच लिहून ठेवा. आपली मुलं घरी मराठी, खेळताना कोंकणी, कोणी कन्नड, शाळेत इंग्रजी बोलतात. त्याचा शब्द जो असेल तोच लिहा, त्याला सभ्य करू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर रात्रीही चालतो. मुलाचं नाव मंडळीत फिरता कामा नये, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही. आणि एक कळकळीची विनंती: त्या मुलाला मधोमध बसवून सगळ्यांनी त्याच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करू नका. नको असलेल्या स्पर्शातूनच ते आलेलं असतं. प्रार्थना आपल्या घरी करा, रात्रभर करा.

क्षमेबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे ज्याच्यावर घाव झाला त्याने ठरवायचं. कमिटीला ती दुसऱ्याच्या वतीने वाटता येत नाही. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचं बायबलमधलं वचन आपल्याला पाठ आहे. त्या बैठकीत ते कोणालाही आठवलं नाही.

मोठ्यांचं दुःख याहून मुकं असतं. मुलगा जहाजावर, मुलगी आखातात, आणि आजी एकटी. आपण घरभेटीला जातो, भाजी आणून देतो, हळूहळू पासबुकही आपल्या पिशवीत येतं. एक दिवस कुठल्यातरी कागदावर अंगठा हवा असतो. म्हणून घरभेटीला दोघांनी जायचं, आणि पैशाच्या कागदाला हात लावायचा नाही. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार न्यायाधिकरण रद्द करू शकतं. आजीला स्वतःला जमत नसेल, तर तिने अधिकार दिलेल्या माणसाला किंवा संस्थेला तिच्या वतीने अर्ज करता येतो. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर आहे. ज्याच्या मनाला आजार आहे, त्याला "गोळ्या सोड, विश्वास ठेव" म्हणणारे आपल्यातही आहेत, हे मी इथे स्पष्ट बोलते. बांबोळीच्या इस्पितळातल्या गोळ्या चालू ठेवूनही प्रार्थना करता येते. कोणाला खोलीत कोंडून केलेली प्रार्थना म्हणजे मारहाणच.

बाकी नियम तुमच्या हातातल्या कागदावर आहेत: वर्गात दोन मोठी माणसं, शिबिरात मुलांची झोपायची जागा वेगळी, मुलांना रात्री एकटं मेसेज करायचं नाही, मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. नवीन शिक्षक घेताना आधीच्या मंडळीला फोन करायचा, तो पाळकसाहेबांचा भाचा असला तरी. पाळकसाहेब, तुम्ही यावर पहिली सही केलीत, ते मुलांनी पाहिलं आहे.

संडे स्कूलच्या खोलीचं दार लाकडी आहे, आणि बंद केलं की आतलं काहीच दिसत नाही. वरच्या अर्ध्या भागाला काच बसवायची आहे. माप मी घेऊन ठेवलंय, सुतार मंगळवारी येतोय. त्या दिवशी सकाळी दहा वाजता किल्ली घेऊन कोण थांबेल, तेवढं आत्ताच सांगा.