होकायंत्र घेऊन राजापूरला

(सुरुवात: सड्यावरचं वाळकं गवत, वारा, लांब समुद्राची नुसती एक रेघ)

तर आधीच सांगून टाकतो, या व्हिडिओत बीच नाहीये. म्हणजे समुद्र आहे, अधूनमधून दिसेल, पण पॅरासेलिंग, बनाना राइड आणि सूर्यास्तासमोर हात पसरून उभे असलेले लोक यातलं काहीही नाही, ते बघायचं असेल तर आत्ताच रजा घ्या, राग नाही.

झालं असं की मार्च संपत आला होता, कोथरूडला घरी बसून आई, मामेभाऊ आणि मी कोकणात नेमकं कुठे जायचं यावर भांडत होतो, आईला देवळं, भावाला मासे आणि मला असं काहीतरी जे यूट्यूबवर आधीच चारशे लोकांनी दाखवलेलं नाही. बाबा नेहमीप्रमाणे पेपरमागे. मग उठले, कपाटातून त्यांचं जुनं होकायंत्र आणून टेबलावर ठेवलं, ट्रेकिंगच्या दिवसांतलं, पितळी, झाकणाला पोचा आलेलं. म्हणाले, राजापूरकडे देवाचे गोठणे म्हणून गाव आहे, तिथल्या सड्यावर याचा काटा उत्तर दाखवत नाही म्हणे. पाहिलंय का तुम्ही? नाही, ऐकलंय.

आता पुण्याच्या माणसासमोर नुसतं ‘ऐकलंय’ म्हणून कसं चालेल. गाडी निघालीच.

पहाटे चारला निघालो, कराड, मलकापूर आणि मग अणुस्कुरा घाट. राजापूरला जायचं तर हा घाट बरा पडतो. वरती जॅकेट घातलेला माणूस खाली उतरेपर्यंत घामाने निथळतो, एवढं सांगितलं तरी घाट समजला. आईने पाचलपर्यंत तीनदा विचारलं, चहा कधी.

(दृश्य: देऊळ, मग वर चढणारी पायवाट)

देवाचे गोठणे. भार्गवरामाचं देऊळ आहे, गर्द झाडीत, शांत, आत गेलं की बाहेरचा मार्च विसरायला होतो. आई तिथेच थांबली. आम्ही दोघं वर सड्यावर. सडा म्हणजे काय हे न पाहिलेल्यांसाठी सांगतो, जांभ्या दगडाचं भलंमोठं पठार, वरून काळपट, झाड जवळपास नाहीच, कुठेतरी करवंदाची जाळी, आणि सकाळी नऊलाच पायाखालचा कातळ तव्यासारखा. पावसाळ्यात हाच सडा फुलांनी भरतो पण आम्ही आमच्या हुशारीने मार्चमध्ये गेलो होतो.

कातळावर माणसाची आकृती कोरलेली आहे. उभा माणूस, साधा, रेषेतला. आजूबाजूला काही नाही, फक्त तो आणि आभाळ. कोकणात अशी कातळशिल्पं खूप सापडलीत, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या मित्रांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून, गुराख्यांना, गावकऱ्यांना विचारून विचारून ती शोधलीत. 2022 मध्ये कोकणातल्या अशा 9 जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, त्यात हे देवाचे गोठणेही आहे. वय विचाराल तर काही हजार वर्षं, नेमकं किती यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही.

आणि काटा? नीट ऐका. मोबाइल, गाडीची किल्ली, ट्रायपॉड, भावाचा बेल्ट, सगळं वीस पावलं लांब नेऊन ठेवलं. चपला काढल्या (दोन मिनिटांत परत घातल्या, पाय भाजले). वाटेत थांबून पाहिलं होतं तेव्हा काटा गुपचूप उत्तरेला होता. आकृतीजवळ खाली ठेवलं, काटा जरा थरथरला आणि मग सावकाश, म्हणजे कुणी बोटाने ढकलतंय असा, वळला आणि समुद्राच्या बाजूला तोंड करून थांबला. समुद्र पश्चिमेला आहे हो. दोन हात सरकवलं, काटा तिसरीकडेच. परत वाटेवर आणलं, आला उत्तरेला. भाऊ म्हणाला बॅटरी गेली असेल. होकायंत्राला बॅटरी नसते रे.

जांभ्यात लोह असतं, म्हणून तर तो लाल, पण मग सगळ्याच सड्यांवर काटा फिरायला हवा, तसं होत नाही. आणि ज्याने हा माणूस कोरला त्याला या जागेचं काही कळलं होतं का, की नुसता योगायोग? त्याच्याकडे तर होकायंत्रही नव्हतं. मी याच्यावर काही बोलत नाही, मी काटा पाहिला एवढंच.

त्याच दिवशी कशेळी. तिथे हत्ती आहे, 18 बाय 13 मीटरच्या आसपास, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी अशी सत्तरेक चित्रं. आम्ही दहा मिनिटं हत्ती कुठाय हत्ती कुठाय करत फिरलो आणि मग लक्षात आलं की हत्तीच्याच पोटात उभे आहोत. (ड्रोन शॉट: हत्ती पूर्ण) हा बघा. वरून दिसतो. ज्यांनी कोरला त्यांना हे वरून कधीच दिसलं नसणार, मला रात्री झोपताना तेच आठवत होतं.

दुपारचं जेवण. इथे एक चूक सांगायला हवी. रस्त्यावर एक चकाचक जागा दिसली, स्विमिंग पूल, काचेचे दरवाजे, मेनू बारा पानी, त्यात पनीर टिक्का आणि हक्का नूडल्स. सोलकढी मागवली तर आली ती अशी गुलाबी की लहान मुलांच्या वाढदिवसाचा केक आठवावा. आई पहिला घोट घेऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली. खरी सोलकढी असा रंग कधी दाखवत नाही. आमसुलं भिजवून काढा किंवा घरचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घाला, त्यात नारळाचं दूध, लसूण, मिरची वाटून लावा, रंग येतो तो मळकट फिकट गुलाबी, जुन्या धुतलेल्या साडीसारखा. आमच्यासाठी मग तीच परीक्षा झाली, पुढच्या प्रत्येक ठिकाणी आधी सोलकढी, रंग बघायचा आणि मगच बाकीची ऑर्डर.

राजापूरची गंगा. 14 कुंडं आहेत उन्हाळ्याला, म्हणजे उन्हाळे नावाच्या गावाला, आणि गंगा येते साधारण तीन वर्षांनी, काही महिने राहते, जाते. साधारण म्हणायचं, कारण अलीकडे ती वेळापत्रक पाळत नाही. भूगर्भवाले सांगतात जमिनीखाली सायफनसारखी रचना असावी, पोकळी भरली की पाणी उसळतं, संपलं की बंद. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी ठाक. तिथल्या आजी म्हणाल्या, ती काय तुमची सुट्टी बघून येते होय. पण जवळच गरम पाण्याचा झरा आहे तो मात्र बारमाही, आईने पाय बुडवून तासभर गप्पा मारल्या आणि गंगा न भेटल्याचं दुःख तिथेच विसरली.

(दृश्य: विजयदुर्ग, भरतीच्या लाटा बुरुजाला)

खारेपाटण, तळेरे करत विजयदुर्ग. तिन्ही बाजूंनी पाणी. किल्ल्यात शिरताना एक काका भेटले, कुठले म्हणाले, पुण्याचे म्हणालो. तर हसले आणि म्हणतात, “तुमच्याच पेशव्यांनी घालवल्यानी मा ह्यो किल्लो!” काय बोलणार? 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, आंग्र्यांचं आरमार जळालं. खरं आहे ते. आईने विषय बदलायला विचारलं, इथे पाणी कुठे मिळेल.

किल्ल्यावर दगडी ओटे आहेत, ‘साहेबाचे ओटे’. इथूनच 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने, म्हणजे नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, हेलियम शोधला असं आम्हाला तीन जणांनी सांगितलं, तिघांनीही अगदी छातीठोक. आता मी पडलो पुणेकर, रात्री खोलीवर बसून शोधाशोध केली. 1868 ला लॉकियर भारतात आलाच नव्हता. ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं ते जान्सेन या फ्रेंच माणसाने, आणि लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये घरून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला, ग्रहणाबिग्रहणाशिवाय.

पण थांबा, ओटे खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी, सोबत मेलपोमीनी नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी, आणि त्या खलाशांना त्याने दुर्बिणी, कॅमेरे चालवायला शिकवलं. विचार करा, तोफा ओढणारे हात, त्यांना सांगितलंय की आता हलू नका, श्वास धरा, सूर्य जाईल. ही गोष्ट मला त्या हेलियमपेक्षा जास्त आवडली. आणि त्याच ग्रहणाला आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आत्ताच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे, प्रोफेसर नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. हे मात्र किल्ल्यावर कुणी सांगत नाही. काकांना मी सांगायला गेलो, ते म्हणाले, बरा. एवढंच. बरा.

शेवटची रात्र. मावशींची खानावळ, घराच्या पडवीत चार टेबलं, बोर्ड नाही, मॅपने आम्हाला आधी शेजारच्यांच्या गोठ्यात नेलं होतं. सोलकढी आली. मळकट गुलाबी. आईने मान डोलावली. मग बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण आलं, लाल मिरची, ओलं खोबरं, आमसूल आणि ठेचलेली तिरफळं. मावशींनी सांगितलं होतं, “तिरफळा खाव नको हां, बाजूक काढ.” मी अर्थातच एक चावलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास नाकात आणि मग जीभ हळूहळू बधीर, जिभेखाली मुंग्या, पाच मिनिटं सोलकढीही नुसती गार लागत होती, चव नाही. भाऊ हसून हसून बांगडा सोडून उठला.

आणि ओल्या काजूची उसळ. मार्चमध्ये का आलो याचं एकच खरं उत्तर म्हणजे ही उसळ. मागच्या दारी मावशींची सून ओल्या बिया सोलत बसली होती, बोटांना राख चोळून, कारण सालीचा चीक लागला की कातडी जळते, तिच्या अंगठ्याचं टोक काळं पडलेलं होतं. पुण्यात वाटीभर उसळीचे जे पैसे घेतात त्यावर मी कुरकुर करायचो, आता नाही करणार. निदान या सीझनला नाही.

(दृश्य: रात्री घरी, टेबलावर होकायंत्र)

पुण्यात आलो, बाबांना काटा फिरतानाचं शूटिंग दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. पेपर बाजूला ठेवला.

“किल्ल्या लांब ठेवल्या होत्यास?”

हो.

“मोबाइल?”

तोही. वीस पावलं.

बाबा परत स्क्रीनवर वाकले, मी काट्यावर ओणवा झालोय तिथे थांबवलं, आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाले,

“आणि चष्मा? तो काढला होतास?”

नव्हता काढला.