ऑनलाइन जगाचे गावकर कोण?

(फोंडा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ आणि प्रकाशकांचे उत्तरदायित्व’ असा छापला आहे. मागच्या रांगांतल्या तरुणांना हे खेळ समजावून सांगण्याची गरज नाही, आणि पुढे बसलेल्या ज्येष्ठांनी नातवंडांच्या खोलीतून रात्री दोन वाजता येणारा आरडाओरडा ऐकलेला असणारच, तेव्हा प्रास्ताविक वगळतो. माझे म्हणणे एवढेच आहे की एकेक पात्र होऊन असंख्य खेळाडू जिथे एकत्र वावरतात, असले जग कंपनी उभारते, पण ते वसवतात खेळाडू. आणि वसवणाऱ्यांना न विचारता ते मोडून टाकण्याचा अधिकार कंपनीला असता कामा नये.

अशाच एका खेळात मी लोहार होतो. खेळाचे आणि कंपनीचे नाव घेत नाही, कारण वकिलाची फी मला परवडणारी नाही. बटण दाबले की तलवार हातात, असा तिथे प्रकार नव्हता. डोंगरात खनिज शोधायचे, ते कुदळीने काढायचे, खेचरावर लादून दरोडेखोरांना चुकवत शहरात आणायचे, वितळवून त्याच्या कांबी करायच्या, आणि मग घडवलेल्या ढीगभर तलवारींपैकी एखादीला उत्तम दर्जा मिळाला, तर तिच्यावर घडवणाऱ्याचे नाव उमटायचे. माझा तालुका डिचोली. २०१२ साली गोव्यातल्या लोहखाणी बंद झाल्या आणि घरोघरी खनिज वाहणारे टिपर बिनकामाचे उभे राहिले, तेव्हा आमच्याकडे कोणी पाहुणा आला की बाबा त्याला माझ्या खोलीच्या दाराशी आणून सांगत, ‘तालुक्यात चालू असलेली ही एकच खाण. परवाना नाही, रॉयल्टीही नाही.’ (हशा)

त्या बाजाराचे गणित मात्र पक्के होते. शस्त्र वापराने झिजे, म्हणून लोहाराला काम मिळे. लोहाराला खनिज लागे, म्हणून नवख्या खेळाडूला मजुरी मिळे. आणि खाणीची वाट धोक्याची, म्हणून लढवय्यांना पहाऱ्याचे पैसे मिळत. माझे एक नेमाचे गिऱ्हाईक लिस्बनचे होते. ते प्रत्येक खरेदीला घासाघीस करत, आणि साडेचारशे वर्षांची वसुली मी तलवारीच्या भावात लावतो, असा त्यांचा आरोप होता. तो अगदीच निराधार होता, असे मी म्हणणार नाही. (हशा)

मग एका अपडेटबरोबर कंपनीने स्वतःचे दुकान उघडले आणि त्यात खऱ्या पैशांत मिळणारी, कधीही न झिजणारी तलवार मांडली. पहिल्यांदा लोहारांची गिऱ्हाइके गेली, मग खनिज विकत घेणारा उरला नाही, मग पहाऱ्याची गरज संपली, आणि जिथे संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसे तो बाजारचौक ओस पडला. त्यानंतर खेळाडू घटल्याचे कारण देऊन कंपनीने सर्व्हर बंद करत असल्याची सूचना धाडली. तीत आमचे आभार मानलेले होते, आणि न झिजणाऱ्या तलवारीचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही कळवलेले होते.

हे माझे एकट्याचे रडगाणे नव्हे. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’मध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते मोडून नऊ ठेवले, कसबी कारागिरांची गावेच्या गावे उठली, आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये तो खेळ बंद झाला. लूट बॉक्सचे, म्हणजे खेळात विकायला ठेवलेल्या बंद पेट्यांचे, तर बोलायलाच नको. मांडवीतल्या कॅसिनोच्या दारावर निदान वय विचारतात आणि एकविसाच्या आतल्याला परत पाठवतात. पैसे भरून आत काय निघेल याची वाट पाहायला लावणाऱ्या या पेटीला दारही नाही आणि दरवानही नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले, ते मला योग्य वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: पाच मिनिटे उरली आहेत, आणि पत्रिकेवरच्या विषयाला मी अजून हात घातलेला नाही. तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्याकडची गावकरी, म्हणजे गोव्यातली जुनी सामाईक ग्रामव्यवस्था आठवा. जमीन गावाची, निर्णय गावकरांच्या बैठकीत, बांधबंदिस्तीचा खर्च आधी आणि उरलेल्यातून जोण, म्हणजे गावकरांचा वाटा. ऑनलाइन जगात बांध घालणारे आम्ही, पण बैठकीत आम्हाला जागा नाही. ती देता येते, हे काही कंपन्यांनी दाखवले आहे. आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २००८ पासून खेळाडूंचे निवडून आलेले मंडळ आहे, तरीही २०११ मध्ये तिथल्या दुकानात अवाच्या सवा किमतीचा एकडोळी चश्मा आला, तेव्हा खेळाडूंनी खेळातल्याच एका स्मारकावर तोफा डागल्या आणि अखेर कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ २०१३ मध्ये २००७ च्या जुन्या प्रतीवरून पुन्हा सुरू झाला, आणि नवा भाग घालायचा तर पंचाहत्तर टक्के मते हवीत, असा नियम तिथे केला गेला. पुढे तो सत्तरवर आला.

राहिला प्रश्न बंद होणाऱ्या खेळांचा. २०२४ च्या मार्चअखेर ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेली प्रत निरुपयोगी ठरली. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने युरोपीय संघाकडे केलेल्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: खेळ सोडताना तो चालता राहील अशा अवस्थेत सोडा. हे अशक्य आहे, असे प्रकाशक सांगतात. ‘सिटी ऑफ हिरोज’ २०१२ मध्ये बंद झाला, खेळाडूंनी तो आपल्या सर्व्हरवर जिवंत ठेवला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच प्रकाशकाने त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला.

आपल्या संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैजेचे खेळ त्याने बंद केले, आणि वर्गणी घेऊन चालणाऱ्या, पैज नसलेल्या खेळांना वेगळे मानले. वर्गणी घ्यायला मुभा मिळाली; वर्गणीदारांचे जग बंद करताना त्यांचे काय देणे लागते, याचे कलम त्यात घालायला हवे. मसुदा मी लिहून आणला आहे, पण तो वाचायला वेळ उरलेला नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून प्रत घ्यावी.