खुळखुळणारा कीबोर्ड

[दृश्य: करड्या रंगाचा जुना कीबोर्ड दोन हातांत, कानाजवळ धरून हलवला जातो]

ऐका. आतून हा जो खुळखुळाट येतोय, त्यातच निम्मं निदान झालं. हा आयबीएमचा मॉडेल एम, मागच्या लेबलवर भाग क्रमांक १३९१४०१. वजन दोन किलोच्या वर, कारण पोटात पोलादी पत्रा आहे. आणि खुळखुळतायत ती आतले थर एकत्र धरणाऱ्या प्लास्टिकच्या रिव्हेटांची, म्हणजे डोकेवाल्या खुंट्यांची, तुटलेली डोकी.

१९८५ साली हा कीबोर्ड आला. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला बनायचा, स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला बनायचा. १९९१ मध्ये हा धंदा लेक्समार्क कंपनीकडे गेला, १९९६ मध्ये लेक्समार्कने कीबोर्ड बनवणं सोडलं आणि तो वारसा लेक्सिंग्टनमधल्याच युनिकॉम्पने चालवला. आपल्याकडे बँकांत आणि डीटीपीच्या दुकानांत कटकट वाजायचा तो टीव्हीएस गोल्ड. त्यात प्रत्येक कळेखाली चेरी कंपनीचा सुटा निळा स्विच असायचा. एक बिघडला की तेवढा एक बदलायचा. मॉडेल एममध्ये सुटा स्विचच नाही.

[दृश्य: खूप जवळून. कॅप, म्हणजे कळेची टोपी, काढलेली, आत उभी स्प्रिंग. बोट ती हळूहळू दाबतं]

स्प्रिंग दबतेय, दबतेय… आणि कंबरेत लचकते. तिच्या पायाशी प्लास्टिकची छोटी हातोडी आहे. स्प्रिंग लचकली की हातोडी कलंडते आणि खालच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या रेघा असलेल्या पातळ प्लास्टिकवर, आपटते. त्याच क्षणी स्प्रिंग नळीच्या भिंतीवर आदळते. 'टक्' वाजतं ते तिथे. म्हणजे आवाज आला आणि अक्षर उमटलं नाही, तर दोष हातोडीच्या खाली शोधायचा. आवाजच आला नाही, तर स्प्रिंग आणि कॅप.

[काही सेकंद फक्त आवाज]

[दृश्य: केबल, तिचा पीएस/२ प्लग (कीबोर्डचा जुना गोल प्लग), त्यावर यूएसबी अडॅप्टर]

पण पाना हातात घेण्याआधी बाहेरचं बघून घ्या. कॉम्प्युटर सुरू होताना कीबोर्डवरचे तिन्ही दिवे क्षणभर एकदम लुकलुकतात. लुकलुकले तर पाच व्होल्ट पोचलेत आणि कंट्रोलर, म्हणजे कळा ओळखून कॉम्प्युटरला कळवणारं आतलं सर्किट, जिवंत आहे. तरीही अक्षर येत नसेल तर पहिला संशय या अडॅप्टरवर. हे स्वस्तातलं अडॅप्टर नुसत्या तारा फिरवतं. ज्या कीबोर्डला यूएसबीची भाषा मुळातच येते त्याच्यासाठीच ते बनलेलं असतं. १९८०च्या दशकातल्या कंट्रोलरला ती येत नाही. त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. 'मेला' म्हणून विकायला काढलेल्या मॉडेल एमला आधी चांगला कन्व्हर्टर लावून बघावा, मगच उघडावा.

दिवे अजिबात लागले नाहीत तर केबल. ती कीबोर्डच्या मागून सुटी होते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार सलग आहे का ते सांगणाऱ्या खुणेवर, ठेवायचा आणि एकेक तार तपासायची: पीएस/२ प्लगमध्ये १ नंबरची पिन डेटा, ३ ग्राउंड, ४ पाच व्होल्ट, ५ क्लॉक. बहुतेकदा तार प्लगच्या मानेशी आतून तुटलेली असते. आणि कॉम्प्युटर चालू असताना पीएस/२ प्लग काढू-घालू नये. जुन्या मदरबोर्डवरचा फ्यूज जातो आणि मग बिचाऱ्या कीबोर्डवर आळ येतो.

[दृश्य: मागच्या बाजूचे खोल स्क्रू, लांब नट ड्रायव्हर]

चार स्क्रू, षट्कोनी डोक्याचे, साडेपाच मिलिमीटर. खोल आणि अरुंद भोकात बसलेत, त्यामुळे जाड भिंतीचा पाना आतच शिरत नाही. पातळ भिंतीचा लांब नट ड्रायव्हर हवा. मागची कड उचलायची, पुढच्या खाचा आपोआप सुटतात.

[दृश्य: केस उघडते, काळ्या प्लास्टिकचे तुकडे टेबलावर सांडतात]

हीच ती डोकी. बारीक, मुगाच्या डाळीएवढी.

वर स्प्रिंगांच्या नळ्यांची प्लास्टिक चौकट, तिच्याखाली रबराचं पातळ कापड, मग तीन थरांचं मेम्ब्रेन, तळाला वक्र पोलादी पत्रा. हे सगळं सँडविच पन्नासच्या वर प्लास्टिक रिव्हेटांनी दाबून धरलेलं असतं. स्प्रिंगा टिकल्या, पत्रा टिकला, कॅपवरची अक्षरंसुद्धा टिकली; वयाने ठिसूळ झाले ते फक्त रिव्हेट. डोकं उडालं की तिथे पत्रा किंचित सुटतो, हातोडी मेम्ब्रेनवर नीट दाब देत नाही आणि शेजारशेजारच्या चार-पाच कळा एकदम बंद पडतात. इतका दणकट कीबोर्ड, आणि जोडताना गृहीत काय धरलं, तर हा कुणी उघडणार नाही.

बंद कळा एका जागी नसून इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर रिव्हेट नाही, मेम्ब्रेनची पट्टी. ती कंट्रोलरच्या सॉकेटमधून सरळ वर ओढायची, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायची, परत बसवायची. चहा सांडलेला असेल तर थरांमध्ये तपकिरी डाग दिसतील. तिथली चांदीची रेघ खाल्ली गेली असेल तर पुसून उपयोग नाही.

[दृश्य: पटाशीने रिव्हेट छाटणे, नंतर हातड्रिल]

उरलेली डोकी धारदार पटाशीने पत्र्यालगत छाटायची. त्याआधी सगळ्या कॅप काढून क्रमाने मांडून ठेवलेल्या. चौकट पालथी ठेवूनच पत्रा उचलायचा. सरळ ठेवून उचलला तर १०१ स्प्रिंगा आणि हातोड्या टेबलभर.

आता रिव्हेटांच्या जागी स्क्रू बसवायचे, त्यासाठी प्रत्येक रिव्हेटच्या बुंध्यात दीड मिलिमीटरचं भोक. हातड्रिलनेच, अगदी सरळ. तिरकं गेलं तर बिट शेजारच्या नळीत घुसतं आणि ती कळ कायमची गेली. स्क्रू एम-२, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीचा, लांबी ८ मिलिमीटर. डोकं नळ्यांच्या बाजूला, नट पोलादी पत्र्याच्या बाजूला. प्लास्टिकचा बारीक चुरा ब्रशने झाडून टाकायचा, एक कण मेम्ब्रेनखाली राहिला तरी कळ अडते.

[दृश्य: हातोड्या एकेक करून चिमट्याने जागेवर. संगीत नाही]

रबर, मेम्ब्रेन, पत्रा. पत्रा वक्र असल्यामुळे आवळायला मधून सुरुवात करायची आणि कडांकडे जायचं. सगळे नट आधी सैल, मग दुसऱ्या फेरीत घट्ट. पुढच्या कडेला स्पेसबारखाली काही ठिकाणी स्क्रूला जागाच नसते. ती सोडून दिली तरी चालतं.

एवढी खटपट कुणी करत नाही म्हणून हे कीबोर्ड भंगारात किलोवर जातात.

[दृश्य: कॅप बसवणे. कीबोर्ड उभा धरलेला, स्पेसबार वर]

कॅप बसवताना कीबोर्ड असा उभा, स्पेसबार छताकडे. म्हणजे स्प्रिंग नळीत योग्य बाजूला झुकते आणि कॅपमध्ये बरोबर शिरते. प्रत्येक कॅप बसवली की दाबून ऐकायचं.

[दृश्य: स्क्रीन. इन्स्क्रिप्टमध्ये मराठी टायपिंग]

याला विंडोज कळ नाही, तेव्हा मराठीसाठी डावं ऑल्ट आणि शिफ्ट. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळरचनेत पाय मोडायची कळ म्हणजे इंग्रजी 'डी'. 'पत्र्या' या एका शब्दात ती दोनदा लागते, म्हणून चाचणीला हा शब्द सोयीचा.

स्क्रीनवर आलंय: पतरया.

[दृश्य: बोट 'डी' दाबतं. आवाज बोदा]

'टक्' नाही. म्हणजे मेम्ब्रेन ठीक, स्प्रिंग तिरकी. कीबोर्ड उभा, 'डी'ची कॅप वर, स्प्रिंग टूथपिकने नळीच्या मध्यावर, कॅप परत.

[टक्. टक्. स्क्रीनवर: पत्र्या]